घाबरवा, पण नीट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'देशोदेशींचे धोक्याचे आवाज'. देशांकडे येतोच, पण आधी आमच्या जावयांची हकीकत ऐका.

जुलै 2023, अधिक मास. जावई धोंड्याच्या जेवणाला आलेले, विहीणबाईही सोबत. हिने ओवाळायला निरांजन उचललं आणि घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. देवघरातला, ओट्यावरचा, जावयांच्या खिशातला. निरांजन सुटलं, अनारसे घरंगळले, जावई पाटावरून थेट अंगणात! विहीणबाई तेवढ्या शांत. त्यांना कमी ऐकू येतं. (हशा) चष्मा शोधून संदेश वाचला, तर दूरसंचार विभागाची चाचणी, कृपया दुर्लक्ष करा. अहो, कानाशी बोंब ठोकायची आणि वर म्हणायचं दुर्लक्ष करा! हसू नका, जावई अजून आमच्याकडे फोन बंद करूनच जेवतात. म्हणजे खरा इशारा आला, तर तो त्यांना कळायचाच नाही. माझं भांडण आहे ते इथे.

आता अमेरिका. तिथे रेडिओ-टीव्हीवर इशाऱ्याला 853 आणि 960 हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजतात. घरी पेटी असेल तर सा आणि शुद्ध रे एकदम दाबून धरा, साधारण तेच. शेजारी येतील विचारायला. एका चित्रपटाच्या जाहिरातीत हा आवाज घातला, तर 2014 मध्ये तिथल्या वाहिन्यांना मिळून 19 लाख डॉलरचा दंड झाला. लांडगा आला रे करायचं नाही, हे त्यांनी कायद्यातच घातलंय.

जपानची तऱ्हा वेगळी. तिथल्या एनएचके वाहिनीवर भूकंपाआधी वाजणारी धून तोरू इफुकुबे या ध्वनीच्या अभ्यासकांनी बांधली. त्यांचे काका गॉडझिलाचे संगीतकार. त्यांच्याच सिंफनीतून सूर घेतले. अट अशी की माणूस सावध व्हावा, पण गारठू नये, आणि कमी ऐकू येणाऱ्यालाही कळावं. (विहीणबाईंची सोय!)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग मुद्दा पळवतो.

भीती किती वाटली हे माप चुकीचं. धोका कसला, करायचं काय आणि संपला कधी, हे कानाला कळलं पाहिजे. महायुद्धात ब्रिटनमध्ये चढ-उताराचा भोंगा म्हणजे विमानं आली, सलग भोंगा म्हणजे गेली. फोनला हा 'गेली' सूरच नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवर 13 जानेवारी 2018 ला क्षेपणास्त्राचा चुकीचा इशारा गेला. तो चुकीचा होता हे फोनवर यायला 38 मिनिटं लागली. नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला भोंगे वाजवून बघतात, कान तयार राहतात. 7 मे 2025 च्या देशभरातल्या नागरी संरक्षण मॉक ड्रिलच्या यादीत आपलं नाशिकही होतं, पुढे?

आणि आपल्याला हे शिकवायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण विचारतो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? कमरेला, छातीला, मानेला. त्यावरून सराफ बाजार, भांडी बाजार माल हलवतो. फोनच्या आवाजालाही अशाच पायऱ्या हव्यात. कमरेचा वेगळा, मानेचा वेगळा. फक्त नाशिक ढोल नको. पळायचं सोडून लोक नाचायला लागतील.

हो हो, थांबतो. सलग भोंग्याचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरांत विचारा.