खवाटा पंखासारखा बाहेर का येतो?

नमस्कार. भिंतीवर दोन्ही तळहात टेकवा, कोपरे सरळ ठेवून भिंत ढकला आणि मागून घरातल्या कोणाला तरी उघडी पाठ पाहायला सांगा. एका बाजूचा खवाटा, म्हणजे खांद्यामागचे त्रिकोणी हाड, बरगड्यांपासून सुटून पंखासारखा उभा राहिला आणि त्याच्या कडेखाली बोटे शिरू लागली, तर त्या लक्षणाला ‘विंग्ड स्कॅपुला’ म्हणतात.

खवाट्याचे हाड बहुधा ठणठणीत असते. बिघाड असतो तो त्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंत किंवा त्यांच्या नसांत. धडाच्या सांगाड्याशी खवाटा केवळ कॉलर बोनमार्फत जोडलेला असतो, बाकी सारा भार स्नायूंवर. त्यांतला सेरेटस अँटीरिअर वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून निघून खवाट्याच्या आतल्या कडेला चिकटतो आणि त्याला छातीशी घट्ट दाबून ठेवतो. त्याची लाँग थोरॅसिक नस मानेतून निघून छातीच्या कडेने बरीच उघड्यावर खाली उतरते, त्यामुळे ती ताणली किंवा दाबली जाण्याचा धोका राहतो.

हिमालयातील ट्रेकच्या तयारीसाठी रकसॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सिंहगड चढणारे पुण्यात कमी नाहीत. सॅकचा कमरेचा पट्टा न बांधता सगळे ओझे खांद्यांवर घेतले, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जाऊ शकतात. काहींना खांद्यात झोप उडवणारी कळ येते, ती काही दिवसांनी ओसरते आणि मग हात वर जात नाही. हा नसेच्या दाहाचा प्रकार असून कधी कधी तो विषाणूजन्य आजारानंतर उद्भवतो. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढतानाही लाँग थोरॅसिक नस दुखावू शकते.

मानेतील गाठ काढल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर संशय मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझिअस स्नायूच्या नसेवर जातो. त्यात खांदा खाली उतरतो आणि हात बाजूने वर नेताना खवाटा अधिक उठून दिसतो. दोन्ही खवाटे बाहेर आले असून डोळे घट्ट मिटता येत नसतील किंवा शीळ घालता येत नसेल, तर स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी लागते. याउलट, हडकुळ्या मुलांचे दोन्ही खवाटे सारखेच थोडे बाहेर आलेले दिसत असतील आणि हात पूर्ण वर जात असतील, तर आईवडिलांनी घाबरण्याचे सहसा कारण नसते. हिंजवडीत दिवसभर पोक काढून बसणाऱ्यांनाही व्यायामाचा उपयोग होतो. पाठ ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांवर पैसे घालवणे मला तरी पटत नाही.

निदानासाठी ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत संकेतांची नोंद, आणि नसांच्या वहनाची तपासणी करतात. नस ताणली गेली असेल, तर उपचार म्हणजे मुख्यतः संयम: तुटलेले तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात आणि ही नस २० सेंटिमीटरहून लांब असू शकते, म्हणून सुधारणेला महिने, कधी दोन वर्षे लागतात. या काळात खांदा आखडू नये म्हणून फिजिओथेरपी चालू ठेवावी आणि डोक्याच्या वर हात नेऊन वजन उचलणे टाळावे. नस कापली गेली असेल, तर मात्र वाट पाहत बसू नये, कारण ती लवकर जोडणेच हिताचे असते. दीर्घकाळ सुधारणा न झाल्यास छातीच्या पेक्टोरॅलिस मेजर स्नायूचा काही भाग खवाट्याला जोडून सेरेटसचे काम त्याच्याकडून करून घेतात.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्याआधी हात समोरून, मग बाजूने वर नेताना आणि भिंत ढकलताना पाठीचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवावा. कोणता स्नायू दुबळा आहे, याचा पहिला अंदाज या तीन हालचालींवरूनच येतो.