दिवाळी सरकते, एक्सेलला कळत नाही

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "सर, दुकानाच्या विक्रीचा अंदाज काढायला कोडिंग शिकावं लागेल का?"

नाही. एक्सेल 2016 पासून त्यात फोरकास्ट शीट आहे. एका कॉलमात तारखा, दुसऱ्यात विक्री, दोन्ही सिलेक्ट करा, डेटा टॅब, फोरकास्ट शीट, क्रिएट. झालं. आत एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग चालतं, म्हणजे ताज्या आकड्यांना वजन जास्त, जुन्यांना कमी. एवढं पुरे.

घोळ पुढे आहे. 2024 ला मी हौसेने मामाच्या दुकानाचा अंदाज काढून दिला. आकाशकंदील, पणत्या, उटणं असा माल. तीन वर्षांची महिनावार विक्री टाकली, झकास आलेख आला. नोव्हेंबरचा आकडा बघून मामाने दोन खोके कंदील जास्तीचे मागवले. मामीने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. "अरे, लक्ष्मीपूजन एक तारखेला आहे. नोव्हेंबरात कोण कंदील घेणार?" आम्ही दोघं हसलो. खोके अजून माळ्यावर आहेत.

झालं काय? 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं. त्यामुळे बरीचशी खरेदी नोव्हेंबरात, आणि तेच वर्ष सगळ्यात ताजं! एक्सेलने शिकून घेतलं, 'नोव्हेंबरात कंदील खपतात.' 2024 ला दिवाळी 1 नोव्हेंबरला आली, खरेदी सगळी ऑक्टोबरात उरकली.

आता तेच एक्सेलच्या बाजूने बघा. त्याच्याकडे बारा खण आहेत, जानेवारी ते डिसेंबर. दिवाळी नावाचा खणच नाही. तुम्ही 'सीझनॅलिटी 12' लिहिलं, म्हणजे दर बारा महिन्यांनी तोच हंगाम येतो असं सांगितलं, की तो मागच्या नोव्हेंबरशी हा नोव्हेंबर जुळवतो. त्याचं काही चुकत नाही, आपणच त्याला सांगितलेलं नसतं.

आणि पंचांगाच्या बाजूने बघा. तिथींचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून दिवाळी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येते, आणि अधिक मास आला की पुढे उडी मारते. 2025 ला 21 ऑक्टोबर, 2026 ला अधिक ज्येष्ठ, म्हणून थेट 8 नोव्हेंबर. मागच्या वर्षीचा ऑक्टोबर यंदाच्या ऑक्टोबरला लावलात तर पुन्हा माळा भरेल.

एका दादांनी लिहिलंय, "आता एआय आहे, तो सगळं ओळखतो." दादा, तीन ओळी आकडे बघून त्याला तुमचा सण कसा कळणार? तुमचा राग नाही हो, पण ही कमेंट दर आठवड्याला येते.

उपाय साधा आहे. विक्री महिन्याची नको, आठवड्याची घ्या. शेजारी एक कॉलम: लक्ष्मीपूजनाला किती आठवडे उरले. मग 'दिवाळीआधीचा दुसरा आठवडा' दरवर्षी एकमेकांसमोर ठेवा. मामी हेच डोक्यात करते.

माल चारशे प्रकारचा असेल तर चारशे शीटं कोण काढणार? तिथे फेसबुकने 2017 ला खुलं केलेलं प्रॉफेट नावाचं अंदाज काढायचं सॉफ्टवेअर आहे. त्याला थोडा पायथन, म्हणजे थोडं कोडिंग लागतं, पण सणांच्या तारखांचा तक्ता देता येतो, आधीच्या दिवसांसकट. तक्त्यात पुढच्या वर्षीची दिवाळीही हवी बरं का, नुसती गेलेली नाही! मीही पहिल्यांदा विसरलो होतो. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येत असेल तर गुगलची बिगक्वेरी एमएल ही ऑनलाइन सेवा आहे. एकाच क्वेरीत सगळ्या मालाचे अंदाज निघतात, सणही सांगता येतात.

आणि माल मागवण्याआधी फोरकास्ट शीटच्या ऑप्शन्समध्ये 'फोरकास्ट स्टार्ट'ला मागच्या दिवाळीच्या आधीची तारीख टाका. मग तो पुढचे आकडे न बघता अंदाज काढतो, आणि खरी विक्री तुमच्याकडे आहेच. ताडून बघा, काय आलं ते कमेंटमध्ये लिहा. मामाने यंदा ताडलं. मग मामीलाही विचारलं.