ट्रेलर माझा, पत्र जुन्या मालकाला: ॲक्सलचा रिकॉल कसा शोधायचा

नमस्कार मंडळी. आज आधी हे पाकीट बघा.

(पाकीट कॅमेऱ्याजवळ)

वर अमेरिकन वाहतूक खात्याचं चिन्ह आहे, 'सेफ्टी रिकॉल' असं ठळक छापलंय, म्हणजे मालात दोष निघालाय आणि कंपनीने तो दुरुस्त करून द्यायचाय, आणि खाली जे नाव आहे ते माझं नाही. ते इंडियानातल्या एका आजोबांचं आहे. दोन वर्षांपूर्वी हा ट्रेलर, गाडीमागे ओढायचं फिरतं घर, आम्ही त्यांच्याकडून घेतला. भला माणूस. पत्र कचऱ्यात टाकलं नाही, माझा नंबर शोधून फोटो पाठवला, मग पाकीटही पोस्टाने धाडलं. पण तोवर सात महिने उलटले होते. त्या सात महिन्यांत आम्ही हाच ट्रेलर मागे लावून मिशिगनचा मॅकिनॉ पूल ओलांडून आलो. पाच मैलांचा पूल, खाली पाणी, बाजूने वारा. आणि पत्रात काय होतं? ॲक्सलचं वेल्डिंग कच्चं असू शकतं, तपासणी होईपर्यंत ट्रेलर ओढू नका.

कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मला तुम्हाला वेगळंच काहीतरी दाखवायचंय. चला, खाली वाकूया.

(कॅमेरा ट्रेलरखाली, टॉर्च)

हा आडवा लोखंडी पाइप म्हणजे ॲक्सल. गावाकडची बैलगाडी आठवते? तिचा आस, त्याच्या टोकाला चाकाचा तुंबा, चाक निसटू नये म्हणून खीळ, आणि मध्ये वंगण. इथेही तेच आहे, फक्त नावं बदलली. पाइपच्या टोकाला जो निमुळता दांडा वेल्ड केलेला असतो तो स्पिंडल. त्याच्यावर दोन बेअरिंगं, आतलं मोठं, बाहेरचं लहान. त्यांच्यावर हब फिरतो. बाहेरून कंगोऱ्यांचा नट, आणि तो नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली ही कॉटर पिन. करंगळीएवढीसुद्धा नाही! दोन-अडीच टनांचं घर हायवेवर हिच्या भरवशावर पळतं.

आता दोष कुठे असू शकतो? स्पिंडल आणि पाइपचा जोड कच्चा राहतो. पिन बसवायचीच राहते. ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट सैल राहतात. पाट्या चेसिसला धरणाऱ्या ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटतं. आणि एक दोष लोखंडात नसतोच, स्टिकरवर असतो: ॲक्सलची क्षमता चुकीची छापलेली. ३५०० पौंडांचा, म्हणजे साधारण १५८८ किलोंचा ॲक्सल, आणि स्टिकरवर त्याहून जास्त आकडा. लोक हसतात, 'स्टिकरसाठी रिकॉल?' अहो, त्या आकड्यावर विसंबूनच तुम्ही पाण्याची टाकी काठोकाठ भरता.

तुमच्यातले जुने खेळाडू आता म्हणतील, आम्ही दर पेट्रोल पंपावर उतरून हबला हात लावून बघतो. जरूर बघा. मीही बघतो, उलटा हात जवळ नेऊन, चारही हब. एकच इतरांपेक्षा फार गरम लागला तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक काहीतरी सांगतोय. चाक उचलून वरखाली हलवूनही बघा, खडखड आली तर बेअरिंग सैल. फक्त जॅक ॲक्सलच्या पाइपला लावू नका, चेसिसला लावा, पाइप वाकतो. पण हे सगळं झिजेचं निदान झालं. कारखान्यात कच्चं राहिलेलं वेल्डिंग हाताला गरम लागत नाही. ते एके दिवशी सुटतं आणि मग आरशात आपलंच चाक आपल्याला ओव्हरटेक करताना दिसतं. ते पत्राशिवाय कळत नाही.

मग पत्र आजोबांकडे का गेलं? कंपनीने राज्याच्या नोंदणीतल्या मालकाला पत्र पाठवायचं असतं. ते सापडलं नाही तर तिला ठाऊक असलेल्या शेवटच्या ग्राहकाला. तिच्या दप्तरी मी नव्हतोच. आणि खरी गंमत पुढे आहे. ट्रेलरवर ज्यांचं नाव रंगवलंय, ॲक्सल बहुधा त्यांनी बनवलेलाच नसतो. इंडियानातलं एल्कहार्ट आणि आसपासचा भाग हे या धंद्याचं माहेरघर. तिथे एक कारखाना भिंती, कपाटं, छत उभं करतो आणि ॲक्सल दुसऱ्या कारखान्यातून आणतो. त्या दुसऱ्या कारखान्याचा एक घाणा बिघडला की तो कितीतरी ब्रँडांच्या ट्रेलरांखाली जाऊन बसतो.

म्हणून एकाच दोषाचे अनेक रिकॉल निघू शकतात. नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे वाहनांची सुरक्षा बघणारी अमेरिकन सरकारी संस्था, जिला सगळे निट्सा म्हणतात, ती प्रत्येक रिकॉलला क्रमांक देते. पहिले दोन आकडे वर्षाचे, मग एक अक्षर. व्ही म्हणजे वाहन, ई म्हणजे इक्विपमेंट, टी म्हणजे टायर. ॲक्सलवाल्याचा रिकॉल ई मध्ये, ट्रेलरवाल्यांचे व्ही मध्ये. तुम्ही फक्त ट्रेलरचं नाव टाकून शोधलंत तर ई वाला निसटू शकतो.

अजून एक खाच. निट्साच्या साइटवर व्हिन, म्हणजे गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, टाकला की तुमच्याच गाडीचा रिकॉल दिसतो, पण तशी माहिती पुरवायचं बंधन मोठ्या कार आणि मोटरसायकल कंपन्यांवर आहे. ट्रेलरवाल्यांवर नाही. त्यामुळे 'काही आढळलं नाही' असं दिसलं की निर्धास्त होऊ नका. ब्रँड, मॉडेल, वर्ष टाकून शोधा, ॲक्सलच्या ब्रँडने वेगळं शोधा, आणि ट्रेलर कंपनीला फोन करून व्हिन वाचून दाखवा. त्याच फोनवर सांगा, आता मालक मी आहे, पत्ता लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम. मी दोन वर्षं केलं नव्हतं.

आता हक्काचं बोलू. आपली माणसं इथे फार भिडस्त होतात. दोष आहे हे ठरल्यापासून कामाच्या पाच दिवसांत कंपनीने निट्साला कळवायचं. त्यानंतर ६० दिवसांच्या आत मालकांना पत्रं. दुरुस्तीचा उपाय तयार नसला तरी पत्र निघायला हवं, उपाय तयार झाला की दुसरं. दुरुस्ती फुकट, दुसऱ्या हातच्या मालकालासुद्धा, फक्त पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांच्या आतला रिकॉल हवा. आणि त्याच दोषाची दुरुस्ती तुम्ही रिकॉलआधी पदरमोड करून घेतली असेल, तर ते पैसेही मागता येतात. मुदत आणि अटी पत्रात असतात. म्हणून बिलं जपा. बायको माझ्या बिलांच्या डब्याला हसायची, आता हसत नाही.

मी डीलरला फोन केला तर पहिला प्रश्न काय? 'ट्रेलर आमच्याकडून घेतलाय का?' नाही म्हटल्यावर तारीख मिळाली तीन महिन्यांनंतरची. ट्रेलर ओढू नका असं पत्र हातात, आणि तीन महिने थांबा! मग डोक्यात प्रकाश पडला की कायद्याची जबाबदारी कंपनीची आहे, डीलरची नाही. थेट कंपनीला फोन लावला, केस नंबर मागितला, ट्रेलर ओढून आणायला मनाई आहे मग माणूस कोण पाठवणार, असं विचारलं. नवव्या दिवशी फिरता मेकॅनिक आमच्या दारात होता. हे जमलं नसतं तर निट्साकडे तक्रार टाकली असती. ती सरळ साइटवरून टाकता येते, आणि ट्रेलरांची संख्याच कमी असल्याने तिथे दहा-वीस तक्रारींनाही वजन असतं असं मला वाटतं.

जुना ट्रेलर घेणाऱ्यांनो, हे नीट ऐका. रिकॉल बाकी असलेला नवा ट्रेलर दुरुस्तीशिवाय विकणं डीलरला बेकायदा आहे. जुन्याला मात्र तशी केंद्रीय बंदी नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी शोधाशोध तुमची तुम्हीच करा.

भारतातून बघणारे विचारतात, आपल्याकडे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, सरकार सदोष वाहनं परत बोलवायला लावू शकतं. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करेन, उसाच्या ट्रॉल्यांपासून सुरुवात करून.

आता कामाचं. व्हिन शोधायला खाली वाकावं लागत नाही. ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात, बाहेरून वाचता येईल असं लेबल असतं. हे बघा. व्हिन इथे, आणि प्रत्येक ॲक्सलची क्षमता इथे. दुसरा नंबर, ॲक्सलचा स्वतःचा, मात्र खालीच.

(पाइपच्या मध्यावर कॅमेरा, ब्रशचा आवाज)

चिखल, मीठ, गंज... थोडं डिझेल लावून फडक्याने पुसतो. हां, आली पट्टी. क्षमता दिसतेय, सिरियल नंबर दिसतोय, शेवटचा आकडा तीन आहे की आठ... टॉर्च तिरका धर रे जरा. आठ. फोटो काढला. मागच्या ॲक्सलवर स्टिकर होतं, ते उडून गेलंय, फक्त डिंकाचा चौकोन राहिलाय. त्याच्यासाठी उद्या कंपनीला पुन्हा फोन.