वागणुकीचे गुण स्कोअरमध्ये मोजा

राम राम मंडळी! आज फुटबॉलवर बोलू. ड्रिबलिंग, पासिंग नंतर कधीतरी. आज विषय आहे रेघेबाहेर उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसांचा, आणि त्यांचं पाहून शिकणाऱ्या पोट्ट्यांचा.

जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान, फक्कीची रेघ, बांबूचे गोलपोस्ट. बारा वर्षांचा पोट्टा बॉल घेऊन सुटला की रेघेवरून आवाज येतो, "पाड त्याले!" आपला पोट्टा पाडतो. शिट्टी वाजते. मग तेच काका रेफरीवर धावून जातात, "काहून बे, दिसत नाही काय?" आणि हा रेफरी कोण? शेजारच्या गावचे पीटीचे सर. भर उन्हात धावतात, मानधन म्हणजे चहा आन् तर्री-पोहे. पुढच्या वर्षी बोलावलं तर ते कशाला येतील?

उद्घाटनाला पाहुणे "खिलाडूवृत्तीने खेळा" म्हणतात. नारळ फुटला की विषय संपला. माझं म्हणणं साधं आहे. ज्या गोष्टीला गुण असतात, तीच पोट्टे मनावर घेतात. म्हणून वागणुकीलाही गुण द्या.

हे काही मी शोधलेलं नाही. २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये जपान आणि सेनेगलचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामनाही २-२. मग पिवळी कार्डं, म्हणजे वाईट खेळासाठी रेफरीनं दिलेली ताकीद, मोजली. जपानची चार, सेनेगलची सहा. जपान पुढं गेला, सेनेगल घरी! आता खरं सांगायचं तर त्या दिवशी कार्डांवर आपण पुढं जातो हे पाहून जपानने शेवटची दहा मिनिटं नुसता बॉल इकडून तिकडे फिरवला, लोकांनी हुर्यो उडवली. म्हणजे नुसती कार्डं मोजून भागत नाही.

आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये सुरू केलेली स्लम सॉकर ही संस्था 'फुटबॉल थ्री' वापरते. कोलंबियातून आलेली ही पद्धत. यात रेफरीच नसतो. सामन्याआधी दोन्ही संघ रिंगण करून बसतात आणि नियम ठरवतात. मग खेळ. मग पुन्हा बसायचं आणि एकमेकांना वागणुकीचे गुण द्यायचे. गोलांचे आणि वागणुकीचे गुण मिळून निकाल.

तुम्ही म्हणाल, हरलेला संघ रागानं शून्य टाकेल. टाकेल ना! म्हणून गुणासोबत कारण सांगायला लावा, तेही समोरच्याच्या तोंडावर. "ह्यानं मले पाडलं, पण हात देऊन उठवलं," हे दहा जणांपुढं बोलावं लागलं की शून्य टाकणं जड जातं.

रेफरी ठेवायचाच असेल, तर त्याच्याशी फक्त कॅप्टन बोलेल, हे आधीच ठरवा. आणि काकांचं काय? २०१९पासून नियमात कोचलाही कार्ड दाखवता येतं. बेंचवरून कोण बोललं ते कळलं नाही, तर कार्ड मुख्य कोचच्या नावावर. प्रेक्षकांना हा नियम लागू नाही, पण आपल्या गावच्या स्पर्धेत तुम्ही ठरवू शकता: रेघेवरून शिवी आली, त्या गावाचा वागणुकीतला एक गुण कट. मग काकांना गप्प करायचं काम पोट्टेच करतील.

फक्त एक करा. 'शिस्तबद्ध संघ' म्हणून वेगळा चषक ठेवू नका, तो हरलेल्यांची समजूत काढायलाच जातो. पहिलं बक्षीसच दोन्ही गुणांची बेरीज करून द्या.