हत्तीची सोंड आपल्याच बोटाची

श्रोतेहो, नमस्कार.

टूथपेस्टचा रिकामा खोका आमच्या घरी कचऱ्यात जात नाही, ओट्याखालच्या पिशवीत जातो. चहाच्या पुड्याचे, उदबत्तीचे, औषधांचे खोके आणि जुन्या लग्नपत्रिका तिथे आधीच जमून बसलेल्या असतात. पावसाची झड लागली आणि नातीला अंगणात जाता येईना, की ती पिशवी बाहेर निघते आणि आम्ही दोघी बोटांवरची जनावरं करायला बसतो.

सुरुवात हत्तीपासून करा. लग्नपत्रिकेचा जाड कागद त्याला उत्तम. पत्रिकेवरचा गणपती मी आधी अलगद कापून देवघरात ठेवते, उरलेल्यातून हत्ती. बाप्पांची हरकत नसावी! तळहाताएवढं डोकं काढा, दोन्हीकडे सुपासारखे कान काढा. सोंड मात्र काढायचीच नाही. तिच्या जागी रुपयाचं नाणं ठेवून गोल आखा. हा गोल कापून टाकू नका हं. कागदाखाली अर्धा बटाटा धरा आणि मधोमध पेन्सिलीचं टोक टोचा. हे काम मोठ्यांनी करायचं. मग त्या छिद्रापासून रेषेपर्यंत सहा-आठ चिरा द्या. आता मागून बोट घाला. पाकळ्या पुढे वळतात, बोटाला धरून राहतात आणि सोंडेच्या मुळाशी सुरकुत्या पडल्यासारखं दिसतं. आजोबांचं जाड बोटही चालतं, नातीचं बारीकही.

बोटाला पेरं असतात, म्हणून ही सोंड वळते, पाणी प्यायला वाकते, ताटलीतला शेंगदाणा ओढून घेते. पुठ्ठ्याची सोंड कितीही सुरेख रंगवा, तिला हे जमायचं नाही. म्हणून जनावर कुठलंही असो, त्याचा कोणता अवयव हलायला हवा ते आधी ठरवायचं आणि तेवढाच पुठ्ठ्यातून वगळायचा. सशाचे कान वगळा. कोंबडीचे पाय वगळा, खाली शेजारी-शेजारी दोन भोकं ठेवा, की कोंबडी उकिरडा उकरायला लागते.

कळसूत्री बाहुलीत हात आणि बाहुली यांच्यामध्ये दोरे असतात. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तो दोरा हाताला वळण लागल्याशिवाय ऐकत नाही. आपल्या बोटबाहुलीत मध्ये दोराच नाही, त्यामुळे चार वर्षांचं मूलही पहिल्याच दिवशी हत्ती चालवतं.

आता थोडं सामानाचं. खोक्याच्या चकचकीत बाजूवर पाण्याचे रंग ठरत नाहीत, आतली करडी बाजू वर घ्या. फळांच्या रसाचा खोका नको. त्याला आतून प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचा थर असतो, खळ धरत नाही. खळ म्हणजे चमचाभर मैदा अर्धी वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर आटवलेला. मला तरी बाजारच्या गोंदापेक्षा तीच बरी वाटते, बोटं चाटली तरी काळजी नाही. आणि घरात पार्सलचा पन्हळी पुठ्ठा असेल तर वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोला. खाली नागमोडी थर निघतो. ती मगरीची पाठ! रंगवायचीसुद्धा गरज नाही.

चिऊ-काऊ तर सगळ्यांत सोपे. पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी बोटाभोवती गुंडाळून चिकटवायची, वर चोच आणि डोळे. पट्टी कापण्याआधी पुठ्ठा दोन्हीकडून वाकवून पाहा; एका दिशेने तो मुकाट वळतो, दुसरीकडून कडकड मोडतो. मुकाट वळेल तशी गुंडाळा.

परवा आम्ही तेच केले. काऊ माझ्या बोटावर, चिऊ नातीच्या. शेणाचं घर वाहून गेलं, काऊ भिजत आला, मी खोक्यावर टकटक केलं. आता चिऊने म्हणायचं, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, मग तीट लावते, मग झोपवते. तर आमच्या चिऊने पहिल्याच टकटकीला दार उघडलं आणि म्हणाली, "ये रे, टॉवेल देऊ?"

गोष्ट अर्ध्या मिनिटात संपली. बाहेर पाऊस तसाच. मग काय, परत कात्री शोधली आणि टॉवेल करायला बसलो.