रात्री उठलेलं लेकरू आणि एली याजक

सर्वांना सलाम. पाळकसाहेब म्हणाले, सिस्टर, तरुण आईबापांशी मुलांच्या झोपेवर बोला, पण शास्त्र धरून बोला. मी उपदेशक नाही. माझी ३२ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात गेली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. त्यामुळे रात्री रडणारं लेकरू आणि त्याच्या उशाशी बसलेली आई मी फार जवळून पाहिली आहे.

१ शमुवेल, तिसरा अध्याय. संडे स्कूलमध्ये आपण ही गोष्ट शमुवेलाची म्हणून शिकवतो. आज मला त्यातल्या म्हाताऱ्याकडे बघायचं आहे. एलीचे डोळे मंद झालेत, तो आपल्या जागी निजला आहे. शमुवेल म्हणजे दूध तुटल्यावर आईने मंदिरात आणून सोडलेलं पोर. आई वर्षातून एकदा लहानसा झगा शिवून आणते, तेवढीच भेट. हे पोर रात्री धावत येतं आणि म्हणतं, तुम्ही हाक मारलीत ना, हा मी आलो. एलीने हाक मारलेली नसते. थोड्या वेळाने पोर पुन्हा येतं. मग तिसऱ्यांदा. रात्रीतून तीन वेळा उठवलेला म्हातारा माणूस एकदाही खेकसत नाही. दुसऱ्या वेळी तर तो त्याला ‘माझ्या मुला’ म्हणतो. मी हाक मारली नाही, जा, परत नीज, एवढंच त्याचं बोलणं.

आजकाल ज्याला जेंटल पॅरेंटिंग म्हणतात, ते मला या एका वाक्यात सापडतं. त्यात ‘माझ्या मुला’ आहे आणि ‘परत नीज’सुद्धा आहे. एलीने त्याला हाकलून दिलं नाही, आणि मध्यरात्री उठवून खेळायलाही बसवलं नाही. आणि तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं की हे पोर उगाच येत नाहीये, याला खरोखरच कुणीतरी हाक मारतंय. लेकरू पुन्हा पुन्हा उठत असेल तर कान दुखतोय का, नाक चोंदलंय का, जंत झालेत का, हे आधी बघायचं असतं. हट्टाचा विचार त्यानंतर.

पण त्याच अध्यायात एलीवर दोषही ठेवला आहे, तो वगळून मला पुढे जाता येणार नाही. त्याची स्वतःची मोठी झालेली मुलं वाईट वागत होती, त्याला ते ठाऊक होतं, आणि त्याने त्यांना आवरलं नाही. सौम्य असणं आणि ढिलं सोडणं यांत फरक आहे. तीन वर्षांचं पोर रात्री अकरापर्यंत मोबाइल बघतं आणि आई म्हणते, काय करू, काढून घेतला की रडतो. तिथे मोबाइल काढून घ्यायचा आणि तो रडेल तेवढा वेळ जवळ बसायचं. दोन्ही करायचं.

आता छडीचं बोलते, कारण प्रत्येक सभेत ते निघतंच. छडी आवरणारा आपल्या मुलाचा वैरी, हे नीतिसूत्रांच्या १३व्या अध्यायात आहे. २३व्यात तर छडीने मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तो तिथे नाहीच, असं मी सांगणार नाही. पण हिब्रूत त्या छडीला जो ‘शेव्हेट’ शब्द आहे, तोच २३व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात आहे, आणि तिथे ती काठी धीर देते. चिकोडी-अथणीकडचे धनगर मेंढरं घेऊन निघतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांची काठी कळपाला वळवते, रस्त्यावरून कडेला घेते. दमलेलं कोकरू खांद्यावर जातं, त्याला कुणी काठी मारत नाही. शिवाय नीतिसूत्रांतली ती वचनं शहाणपण शिकवण्याबद्दल आहेत. झोप न येणाऱ्या, भ्यालेल्या, भुकेल्या लेकराला मारा, असं शास्त्रात मला कुठेही सापडलेलं नाही. बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, हे मात्र इफिसकरांच्या पत्रात आहे.

हे मी शिकवायच्या अधिकाराने सांगत नाही. माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. आम्ही खानापुरात राहत होतो, पावसाळा होता, वीज गेलेली. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत सेकंड शिफ्टला. मी सकाळी ड्युटीवरून आलेली आणि दिवसभर डोळा लागला नव्हता. तो चौथ्यांदा उठला, पाणी मागितलं, दिलं, तर नको म्हणाला आणि पेला सांडला. मी त्याला मारलं, पाठीवर, जोरात. तो एकदम गप्प झाला. मला वाटलं, चला, निजला. कंदील जवळ नेला तर डोळे मिटलेले, पण झोपेतसुद्धा थोड्या थोड्या वेळाने त्याच्या छातीतून हुंदका येत होता. पत्र्यावर पाऊस पडत होता आणि मी ते हुंदके मोजत बसले. गप्प झालेलं लेकरू आणि निजलेलं लेकरू एक नसतं, हे पुस्तकातून कळलेलं होतं, पण त्या रात्री दिसलं.

तान्ह्या बाळांची गोष्ट आणखी वेगळी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला दिवस-रात्र कळत नाही. पोट लहान, दोन-तीन तासांनी दूध लागतं. ‘मांडीची सवय लागेल, रडू दे, छाती मजबूत होते’ हे आपल्याकडे सासूबाईही सांगतात आणि शेजारणीही. रडून छाती मजबूत होत नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकात चर्चमधूनच एक शिकवण पसरली की तान्ह्याचं दूध घड्याळावर बांधा, तीच शिस्त देवाला आवडते. पुढे तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी इशारा दिला, कारण काही बाळांची वजनं वाढेनात, अंगातलं पाणी कमी पडू लागलं. त्याच देशात विल्यम सीअर्स हे ख्रिस्ती बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या पत्नी मार्था बाळाला अंगाशी धरा, हाकेला ओ द्या, असं सांगत होते. दोन्हीकडे विश्वासू माणसंच होती.

सहा महिन्यांनंतर मात्र एखादी आई बाळाला थोडं थोडं थांबवून, मध्ये मध्ये जवळ जाऊन निजायला शिकवत असेल, तर तिला निष्ठुर म्हणू नका. ऑस्ट्रेलियात अशा मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत पाहिलं, त्यांच्यात आणि इतर मुलांत फरक आढळला नाही.

बाळाला जवळ घेऊन निजावं का, हेही मला विचारतात. लूकच्या ११व्या अध्यायात मध्यरात्री मित्र भाकरी मागायला येतो, तेव्हा घरधनी आतून काय म्हणतो? दार लावलंय, मुलं माझ्याजवळ निजली आहेत. एका खोलीचं घर, सगळे एकत्र, अगदी आपल्या माजघरासारखं. तेव्हा जवळ निजणं हे पाप नाही, लाड नाही. पण १ राजे, तिसरा अध्यायही वाचा. शलमोनापुढे आलेल्या दोन बायांपैकी एकीचं बाळ रात्री तिच्या अंगाखाली गेलं आणि मेलं. बाळ बदललं तो तिचा गुन्हा होता, पण झोपेतली ती गोष्ट अपघात होती, आणि असे अपघात आजही घडतात. म्हणून एक वर्षापर्यंत बाळ उताणं निजवा. अमेरिकेत १९९४पासून घरोघरी हे सांगायला सुरुवात केली आणि पाळण्यातले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. मोहरीची उशी नको, जाड वाकळ तोंडापर्यंत नको. झोळीत बाळ दुमडून हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो. बिडी ओढणाऱ्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाच्या शेजारी बाळ निजवायचं नाही. निपाणीकडे बिडीचा धंदा, म्हणून तिकडून आलेल्या बहिणींना हे मी दोनदा सांगते. आणि निजावं म्हणून खोकल्याचं औषध पाजणं तर कधीच नाही. आपल्या पणज्यांच्या काळी बाळगोळीत अफू असायची, त्या काळातून आपण मोठ्या कष्टाने बाहेर आलो आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आकडे दिले आहेत. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको. आकड्यांपेक्षा रोजचा क्रम धरा. हातपाय धुणं, दूध, दिवा मंद, छोटी प्रार्थना, मग गाणं. गाणं अंगाई असो की घरात कानडी आजी असेल तर तिचं जोगुळ असो. मुलाला दोन्ही कळतात.

भावांनो, आता तुमच्याकडे बघून बोलते. स्तोत्र १२७ म्हणतं, परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोप देतो. बाळंतीण त्या प्रियजनांत येते की नाही? तीन महिने सलग झोप न मिळालेली बाई रडू लागते, बाळावर चिडते, आणि घरचे म्हणतात हिची प्रार्थना कमी पडते. प्रार्थना नव्हे हो, झोप कमी पडते. बाळाला दूध आई पाजेल, पण नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं हे तुम्ही करू शकता. शिफ्टवरून बारा वाजता आलात तर पहाटे चारपर्यंतची पाळी तुमची. आणि ती दिवसासुद्धा हसत नसेल, जेवत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या, लाजू नका.

मी घरून एक घट्ट सतरंजी आणली आहे, आणि संडे स्कूलमधली बाहुली. ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी पुढे या. आधी बाप या. बाळ कसं निजवायचं ते दाखवते.