वाडी नांदली तर वाट राहते

(पुण्यातल्या धावपटूंच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सह्याद्रीत शर्यत कशी आखावी’ असं छापलंय. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी राजगडावरून तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर थोडं थांबू. तिथलं एक घर तुम्हाला दाखवल्याशिवाय मला हा विषय मांडता येणार नाही.

इथल्या निम्म्या लोकांनी तरी सिंहगड–राजगड–तोरणा केलेला असणार. हात वर करू नका, पोटऱ्या बघूनच कळतंय. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून बाहेर पडायचं, दांड्यादांड्याने जाऊन विंझरला उतरायचं, गुंजवण्यातून चोरदरवाजाने पद्मावती माची गाठायची. मग संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून निघून धार धरायची, बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं आणि वेल्ह्यात उतरायचं. तोरणा १४०३ मीटर, हे आपल्याला पाठ असतं. कुठल्या चढावर नाडीचे ठोके किती गेले, हेही सांगता येतं. ही वाट मुळात तिथे कशी आली, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

ती कुठल्या खात्याने आखलेली नाही. गुंजण मावळातून कानद खोऱ्यात सोयरिकीला जाणाऱ्यांनी, गुरं चारणाऱ्यांनी, गडावर दूध-दही नेणाऱ्यांनी ती तुडवली. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याआधी पंचवीसेक वर्षं कारभार राजगडावरून चालला. गडावरची शिबंदी जेवत होती ती खालच्या गावांच्या जिवावर. आपण इतिहास म्हणतो तेव्हा तट आणि बुरूज बघतो. वाड्या बघत नाही, कारण त्यांच्यावर पाटी नसते. आणि गंमत अशी की राजधानी गेली, शिबंदी गेली, तोफा गेल्या, पण वाट राहिली, कारण वाडीतली गुरं रोज चरायला निघत राहिली.

आता त्या घराकडे येते. धारेवरच्या त्या घराची भिंत कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमाती लिंपलेली, आणि जिथे लिंपण सुटलं होतं तिथून आत चुलीचा उजेड दिसायचा. तिथल्या आजी ताक द्यायच्या. पहिला तांब्या पिऊन होईपर्यंत काही विचारायच्या नाहीत. दुसरा भरताना विचारायच्या, “कुणीकडनं आलीस, आणि पळतीयास कशापायी?” या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर नंतर भेटा.

घरामागून एक वाट उतारावरच्या पाण्याच्या टाक्याकडे जायची. आम्ही त्या भरवशावर बाटल्या कमी घ्यायचो. मग आजींची मुलं कंपनीत कामाला लागली, गुरं विकली गेली. दोन पावसाळे गेले आणि वाट दिसेना. कारवी पुरुषभर वाढलेली, मधून घाणेरी माजलेली, हातापायांवर ओरखडे काढल्याशिवाय दहा पावलं पुढे सरकता येईना. मी आजींना म्हटलं, वाट गेली हो. त्या म्हणाल्या, “गुरंच न्हाईत, तर तुडवणार कोण?”

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलंय. डोंगरातली वाट ही माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याने उघडी राहते. आपण शनिवार-रविवार शे-दोनशे बूट नेतो, त्याने वाट टिकत नाही. उलट पहिल्या पावसात घळ पडते. गुरं आणि माणसं उतारावर नागमोडी चालतात. आपण वळणं कापून सरळ खाली उतरतो, आणि पाणीही मग त्याच सरळ रेषेने धावतं.

आणि आता तक्रार. आयोजकांचं नाव घेत नाही. एका शर्यतीत मार्ग दाखवणाऱ्या फिती लावणाऱ्यांनी अंतर वाचवायला मार्ग सरळ आजींच्या अंगणातून काढला. दिवस नाचणीच्या मळणीचे. खळं नुकतंच शेणाने सारवलेलं, कडेला कणसं वाळत घातलेली. खळ्यात चप्पल घालून पाऊल टाकत नाहीत, हे इथे कोणाला सांगायला लागू नये. सकाळभर आपली माणसं त्यातून बूट घालून धावत गेली. मीही शर्यतीत होते, मागून पोचले तेव्हा सारवण उखडून मातीचा चिखल झाला होता आणि कणसांवर धावताना खायच्या जेलची रिकामी पाकिटं पडली होती. आजी काही बोलल्या नाहीत. बादलीत शेण कालवून त्या परत सारवायला बसल्या होत्या. बक्षीस समारंभात “स्थानिकांच्या सहकार्याने” असं दोनदा म्हटलं गेलं. कोणी त्यांना आदल्या दिवशी जाऊन विचारलं नव्हतं, आजी, इथून जाऊ का?

बरं, घाटवाटेवरून जाणाऱ्याने काही द्यायचं असतं, ही रीत फार जुनी आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणाऱ्या तांड्यांकडून त्यात जकात घेत, असं सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिकेचा लेख आहे. म्हणजे प्रवेश शुल्क काही आपण शोधलेलं नाही! फक्त पूर्वी ते घाटाच्या तोंडाशी जमा व्हायचं, आता शहरात होतं.

समोरून दहा मिनिटांची पाटी दाखवली जातेय, तेव्हा आता भराभर सांगते.

मार्ग नकाशावर ओढण्याआधी गावात जा. ग्रामपंचायत आणि वन खातं यांची परवानगी लागतेच, पण ज्यांच्या अंगणातून, बांधावरून जाणार त्यांच्याशी वेगळं बोला. मार्ग ठरवताना त्या वाडीतला एक माणूस बरोबर हवाच. कोणत्या टाक्यात मार्चपर्यंत पाणी टिकतं आणि आग्या मोहोळ कुठल्या कड्याला आहे, हे त्यालाच माहीत असतं.

तारीख मळणी आटोपल्यावरची घ्या. गावची जत्रा कधी आहे, ते विचारा.

पाणी आणि खाणं देणारी ठाणी वाडीकडे चालवायला द्या, पैसे आगाऊ द्या. भाकरी, पिठलं, ताक, गूळ-शेंगदाणे यावर शंभर किलोमीटर पळता येतं, मी पळले आहे.

पावसाळा संपला की वाट मोकळी करण्याचं काम असतं. कारवी छाटायची, घळी दगडांनी बांधायच्या. त्याची मजुरी शर्यतीच्या खर्चात पहिल्या रकान्यात धरा, उरलं तर देऊ म्हणून शेवटच्या रकान्यात नाही. आल्प्समध्ये माँ ब्लाँभोवतीची मोठी शर्यत २००३ साली सुरू झाली. ती शामोनी, कूरमायर अशा नांदत्या गावांमधून जाते. आपल्याकडे कितीतरी वाड्यांत शाळा नाही, दवाखाना लांब, आणि उन्हाळ्यात पाणी डोक्यावर. ते सगळं शर्यतीने सुटणार नाही. पण वाट राखण्याची वर्षातली चार महिन्यांची मजुरी एखाद्या घराला वर राहायला पुरू शकते, आणि तेवढं आपल्या हातात आहे.

उतरण्याचं तंत्र राहिलं. पावलं छोटी, नजर तीन पावलं पुढे, घसाऱ्यावर टाच रोवायची नाही. बाकीचं रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढताना सांगेन. साडेपाचला पायथ्याशी या, आणि येताना सुट्टे पैसे आणा, वर दही घ्यायचंय.